पिल्लांखालचं तूस

एक दिवसाचं पिल्लू थंडीने मरतं, रोगाने मरतं, मांजराने उचललं की मरतं. पायाखाली चुकीचं काही अंथरलं तरी मरतं, हे मला पिल्लं गमावून कळलं. कोंबड्यांच्या घरात वाढलेला माणूस मी, मला कोणी शिकवायची गरज नाही असा माझा समज होता. त्या समजाची किंमत पिल्लांनी मोजली.

आमचं घर नवी मुंबईतल्या एका गावठाणात. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधली ९५ गावं नव्या शहराच्या पोटात गेली, त्यातलं आमचं एक. भातशेती गेली, मिठागरं गेली. पूर्वी घरामागे परडं होतं, आता चार मजले चढून गच्ची आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्या गच्चीच्या पत्र्याखाली कोंबड्या पाळायच्या असं मी ठरवलं. हॅचरीतून गिरिराज आणि वनराज जातीची वीस-पंचवीस पिल्लं मागवली.

लहानपणी आजीच्या खुराड्यात पिल्लांसाठी कोणी मुद्दाम काही अंथरल्याचं मला आठवत नव्हतं. खुडूक झालेली कोंबडी टोपल्यात बसवायची, खाली राख आणि वर भाताचा पेंढा, की एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. पुढचं सगळं कोंबडी पाहायची. पंखाखाली घ्यायची, मातीत चोच मारून काय खायचं ते दाखवायची, ओल लागली की पिल्लांना घेऊन कोरड्या जागी सरकायची. खाली माती असायची, पायाला पकड मिळायची. हॅचरीतून आलेल्या पिल्लाला यातलं काहीच नसतं. ऊब बल्ब देतो. पायाला आधार देणं, विष्ठेचा ओलावा शोषणं, खालची थंडी अडवणं, चोचीत नको ते जाऊ न देणं ही बाकीची कामं खाली अंथरलेल्या गादीवर येऊन पडतात. हे आधी सुचलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

पहिल्या खेपेला मी वर्तमानपत्र अंथरलं. घरात रद्दी भरपूर, रोज बदलता येतं आणि स्वच्छ दिसतं. गुळगुळीत कागदाचे चार-पाच थर मोठ्या खोक्यात घातले आणि पिल्लं सोडली. दुसऱ्याच दिवशी काही पिल्लं पाय बाजूला फाकवून बसलेली दिसली. उठायला जायची की पाय दोन दिशांना घसरायचे. मला वाटलं अशक्त आहेत, म्हणून पाण्यात व्हिटॅमिन घातलं. खरं कारण पायाखालीच होतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांचे सांधे आणि स्नायू कोवळे असतात. गुळगुळीत जागेवर पाय सारखे घसरत राहिले तर ते बाहेरच्या बाजूला वळतात आणि तसेच राहतात. लवकर लक्षात आलं तर दोन्ही पायांना मऊ पट्टीने, मध्ये पाऊल टाकण्याइतकं अंतर ठेवून, सैलसर बांधायचं आणि पिल्लाला खरखरीत जागेवर ठेवायचं. काही दिवसांत पाय सरळ होऊ शकतात. मी केलं तेव्हा दोन पिल्लं सावरली. बाकीच्यांना उशीर झाला होता. जे पिल्लू खाद्यापर्यंत पोचू शकत नाही ते जगत नाही.

वर्तमानपत्राचा उपयोगच नाही असं मात्र नाही. पहिले एक-दोन दिवस गादीवर चुरगळून पसरलेला कागद आणि त्यावर भुरभुरलेलं खाद्य, ही पद्धत कुक्कुटपालक सर्रास वापरतात. पिल्लाला खाद्य सापडतं आणि खालच्या गादीवर चोच मारायचा मोह कमी होतो. कागद गादीच्या वर हवा. मी तो गादीच्या जागी घातला होता.

त्याच खेपेत आणखी एक गंमत झाली. खोक्यात उजेड भरपूर होता, तरी पिल्लं एकमेकांवर चढून कोपऱ्यात ढीग करायची आणि सकाळी त्या ढिगाखाली एखादं चेंगरलेलं सापडायचं. बल्ब एलईडीचा होता. तो उजेड देतो, ऊब जवळजवळ नाहीच. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत न्यायची. जुना पिवळा बल्ब लावला तरी ढीग पूर्ण मोडेना, कारण खाली गच्चीचा स्लॅब होता आणि दिवस पावसाळ्याचे. थंडी खालून येत होती आणि मी बल्ब खाली-वर करत बसलो होतो. गादी दोन-तीन इंच जाड का घालायची ते तेव्हा समजलं. चौकोनी खोकंही चुकीचंच, कोपरा असला की पिल्लं तिथे चेंगरतात. आता पत्र्याचं गोल कडं वापरतो.

दुसऱ्या खेपेला मी लाकडाकडे वळलो. परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे पाइनचे छिलके अंथरताना दिसतात, पांढरे, मऊ, बघूनच बरं वाटतं. मी फर्निचरच्या एका कारखान्यात गेलो आणि भुसा मागितला. त्यांनी आनंदाने गोणी भरून दिल्या, त्यांचा कचरा गेला आणि माझं काम झालं. त्या गोणीत काय होतं याचा विचार मी केला नाही. आपल्याकडे फर्निचरच्या कारखान्यात सलग लाकूड किती कापलं जातं? प्लायवूड आणि एमडीएफच जास्त. दोन्ही रेझिनच्या गोंदाने चिकटवलेले असतात आणि त्या गोंदात बहुधा फॉर्मल्डिहाइड असतं. करवतीखालून निघतं ते पिठासारखं बारीक. खोक्यात घातलं, बल्ब लावला, पिल्लं पायाने उकरू लागली आणि सगळीकडे धूळ झाली. पिल्लांचे डोळे चिकटले, शिंका सुरू झाल्या.

शेजारच्या काकी वर आल्या, मूठभर भुसा उचलून त्यांनी बोटांत चोळला आणि म्हणाल्या, “लाकराचा पीठ हाय बाला, तूस नाय!” मी हसण्यावारी नेलं. लाकूड ते लाकूड, त्यात काय एवढं, असं मनात म्हटलं.

दोन दिवसांनी पिल्लं सुस्त झाली. खाद्याकडे जात नव्हती, तरी गळ्याखालची पिशवी भरलेली आणि दाबली तर कडक लागत होती. पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलेलं पिल्लू नेलं. डॉक्टरांनी ते माझ्यासमोर फाडलं आणि ती पिशवी उघडून दाखवली. ती भुशाने गच्च भरलेली होती. भुकेलं नवं पिल्लू समोर दिसेल त्यात चोच मारतं. खाद्याचा कण आणि भुशाचा कण यांतला फरक त्याला आई दाखवते, नाहीतर हळूहळू अनुभवातून कळतो. कण जितका बारीक तितकी चूक सोपी. भुशाने पोट भरलेलं पिल्लू भरल्या पोटी उपाशी मरतं. डॉक्टर मला रागावले नाहीत, फक्त “किती स्वस्त पडला भुसा?” एवढं विचारलं. फुकट, असं सांगायची लाज वाटली.

लाकडाचा नाद तरीही सुटला नव्हता. भुसा नको तर छिलके घेऊ म्हणून मी भंगारवाल्याकडच्या पॅलेट फोडून सुताराकडून रंधा मारून घेतला. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून उरण-पनवेल पट्ट्यात मालाच्या पॅलेट आणि पेट्यांना तोटा नाही. बरंचसं लाकूड पाइनचं. छिलके देखणे निघाले, पिल्लांना पकडही चांगली मिळाली. ते लाकूड आधी कुठे होतं याची चौकशी मात्र मी केली नव्हती. आंतरराष्ट्रीय वाहतुकीतल्या लाकडी पॅकिंगवर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि काही अक्षरं छापलेली असतात. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड भट्टीत तापवलेलं असतं, गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश आणि तेही सलग ३० मिनिटं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. शिवाय त्या पॅलेटवरून आधी काय गेलं हे शिक्का सांगत नाही. रसायनांचं पिंप गळलेलं असेल, कीटकनाशकाचं पोतं फाटलेलं असेल. माझ्या छिलक्यांत एका फळीला तेलकट काळा डाग होता, तो मी सुताराला सांगून मुद्दाम रंधून काढला, म्हणजे तो डागही गादीतच आला. त्या खेपेला पिल्लं वाचली. नशीब म्हणायचं, शहाणपण म्हणता येणार नाही.

सगळ्यात मोठी चूक यानंतरची, आणि ती अगदी कोकणी आहे. मे महिन्यात घरी आंब्याच्या पेट्या येतात. शेजाऱ्यांकडे येतात, नातेवाइकांकडे येतात. आंबे पिकायला घातलेला पेंढा शेवटी उरतो. आजी पेंढाच घालायची, मग आपणही पेंढाच घालू, असा विचार करून मी सगळ्यांकडचा पेंढा गोळा केला आणि प्लास्टिकच्या गोण्यांत भरून जिन्याखाली ठेवला. जूनमध्ये पाऊस लागला. जुलैत पिल्लं आली आणि मी गोण्या उघडल्या. कुबट वास आला होता. उन्हात टाकायला ऊन नव्हतं. पंख्याखाली एक दिवस पसरला, हाताला कोरडा लागला आणि मी तो अंथरला.

आठवड्याच्या आत पिल्लं मान उंच करून, चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागली. घरघर नाही, खोकल्यासारखा आवाज नाही, नुसती उघडी चोच. मला वाटलं मानमोडी आली, लस वाया गेली, आणि मी हॅचरीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. रोज दोन-तीन पिल्लं जात होती. दवाखान्यात फाडल्यावर फुप्फुसात पिवळट पांढऱ्या बारीक गाठी दिसल्या. डॉक्टर म्हणाले, “बुरशी आहे ही. काय अंथरलंय?”

याला ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू श्वासातून फुप्फुसात जातात. ओलसर पेंढा, कुजलेला भुसा, कुबट खाद्य या तिच्या आवडीच्या जागा. वरून कोरडा झालेला पेंढा अधिक वाईट, कारण बुरशी तशीच असते आणि सुकल्यामुळे बीजाणू हवेत उडायला मोकळे होतात. माझ्या पंख्याने नेमकं तेच काम केलं. मोठी कोंबडी थोडे बीजाणू पचवून नेते, काही दिवसांच्या पिल्लाला ते जमत नाही. एकदा लागण झाली की कामाचा इलाज नाही. गादी काढून जाळायची, भांडी-जागा मोरचुदाच्या पाण्याने धुवायची आणि वाचतील तेवढी वाचली म्हणायचं. ती गादी काढताना तोंडाला फडकं हवं, तेच बीजाणू माणसाच्या फुप्फुसातही जातात. हे मला डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा मी सगळा पेंढा उघड्या तोंडाने भरून टाकला होता.

आजीचा पेंढा आणि माझा पेंढा यांत फरक होता. तिचा पेंढा उडवीवरून ओढलेला, खळ्यावर वाळलेला असायचा आणि आमच्याकडे पिल्लं बहुतेक पावसाळा संपल्यावर निघायची. नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दमट हवेत पिल्लं काढायची नाहीत हे आजीला कोणी सांगितलं नव्हतं, कोंबड्याच त्या काळात फारशा खुडूक होत नसत. मी बारमाही हॅचरीच्या जोरावर जुलैत पिल्लं मागवली आणि रीत मात्र आजीची उचलली.

अखेर काकींचं ऐकलं आणि तूस आणायला निघालो. तिथेही एक ठेच लागलीच. जुन्या पद्धतीच्या हलर गिरणीत भात भरडलं की तूस आणि कोंडा एकत्र, चुरा होऊन बाहेर पडतो. त्याला तूस म्हणूनच विकतात. दिसायला ते तुसासारखं, पण त्यात तेलकट कोंडा भरपूर, त्यामुळे लवकर किडे होतात, लवकर कुबट होतं आणि धूळही तितकीच. रबरी रोलरच्या शेलर गिरणीत भाताचं टरफल अखंड सुटतं आणि कोंडा पुढच्या पॉलिशिंगला वेगळा निघतो. पिल्लांसाठी हवं ते हे दुसरं. हातात घेतलं तर टरफलं होडीच्या आकाराची, सुटी, खुळखुळणारी असतात आणि हाताला पीठ लागत नाही. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघतं, म्हणजे गिरणीवाल्याकडे त्याचा ढीगच असतो. मात्र वीटभट्ट्या आणि बॉयलरवाले तो उचलतात, त्यामुळे आता फुकट मिळत नाही.

तुसातही दोष आहेत. त्यात सिलिका भरपूर, म्हणून ते सहज कुजत नाही, पण त्याच कारणाने पाणीही लाकडाच्या छिलक्यांइतकं शोषत नाही. पाण्याच्या भांड्याभोवती ते लवकर लगदा होतं. ही माझी शेवटची मोठी चूक. तूस चांगलं मिळालं म्हणून मी निर्धास्त झालो आणि भांड्याखालची ओल पाहिली नाही. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली आणि विष्ठेत रक्त दिसलं. रक्ती हगवण. कॉक्सिडिया नावाचे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ओलावा, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला बाधायला तयार होतात. श्रावणातली आमची गच्ची त्यांना अगदी मानवली. डॉक्टरांनी पाण्यातून अँप्रोलियम दिलं, ओला भाग काढायला लावला आणि बहुतेक पिल्लं वाचली. परजीवी पूर्ण नाहीसे करता येत नाहीत, थोडेसे पोटात जाऊनच पिल्लाची प्रतिकारशक्ती तयार होते. गादी कोरडी ठेवली की ते थोडेच राहतात.

त्याच दिवसांत मी वास मारण्यासाठी कड्याभोवती फिनाईल शिंपडलं होतं, ते सांगायचं राहिलं. डॉक्टर आले आणि पहिल्यांदा त्यावरच बोलले. ओल्या विष्ठेतून अमोनिया निघतो, त्याने पिल्लांचे डोळे आणि श्वासनलिका चरचरतात. वर फिनाईलची वाफ घालून मी त्रास दुप्पट केला होता. शिवाय माणूस उभ्याने वास घेतो, पिल्लू चार इंचांवर. नाकाला सवय होते ती वेगळीच. त्यांनी मला गुडघ्यावर बसवलं, गादीजवळ तोंड न्यायला लावलं. डोळ्यांत पाणी आलं.

आता माझी पद्धत साधी आहे. शेलरचं तूस, चाळून धूळ काढलेलं, उन्हात पसरून वाळवलेलं, दोन-तीन इंच. पहिले दोन दिवस वर चुरगळलेला कागद. पाण्याचं भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, आणि पिल्लं वाढतील तशी वीट वाढवायची. अगदी लहान असताना भांड्यात गोट्या टाकतो म्हणजे पिल्लू बुडत नाही आणि पाणीही कमी सांडतं. रोज सकाळी गादी हाताने खालीवर करतो आणि भांड्याजवळचं ओलं तूस काढून कोरडं घालतो. मूठभर तूस दाबून पाहतो. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, दाबल्यावर किंचित चिकटून लगेच सुटली तर ठीक, अजिबात न चिकटता धूळ उडाली तर फार कोरडी. रोज सगळी गादी बदलायची हौस मी सोडली. त्याने पिल्लं बिथरतात, धूळ उडते आणि तूस वाया जातं. बल्ब तुसापासून दीड फूट वर, साखळीने बांधलेला, नुसत्या वायरीवर लोंबकळणारा नाही. कोरडं तूस पेट घेतं आणि गच्चीवर आग लागली तर खाली चार मजले माणसं राहतात.

तूस मिळालं नाही तर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं वापरता येतात, महाराष्ट्रात पुष्कळ जण वापरतात. पण शेंगेवर विषारी बुरशी सहज धरते, तेव्हा ती ताजी आणि खडखडीत वाळलेली असतील तरच घ्यावीत. सलग लाकडाचे, ओळखीच्या सुताराकडचे, जाडसर छिलके उत्तम. खाडीची रेती मात्र घेऊ नये. ती खारट असते आणि पावसाळ्यात थंड पडते. हेही करून पाहिलंय, तपशिलात जात नाही.

काही बिघडलंच तर मेलेलं पिल्लू फेकून देऊ नका. ताजं असतानाच थंड करून पशुवैद्यकाकडे न्या. मोठ्या प्रमाणात मरतुक असेल तर पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे नमुने तपासतात. माझ्या पहिल्या खेपेची मेलेली पिल्लं मी गच्चीवरच्या कुंडीत पुरली आणि कारण तपासून न घेताच दुसरी आणली.

पिल्लं मागवण्याआधी तूस आणून ठेवा, आणि पोतं विकत घेण्यापूर्वी कोपरापर्यंत हात आत घाला. वरचं कोरडं असतं, मधलं सांगतं. हात ओला निघाला किंवा कुबट वास आला तर फुकट मिळत असलं तरी घेऊ नका. कर्जत, पनवेल, पेणच्या गिरण्यांत नवं भात दिवाळीनंतर भरडायला येतं. स्वच्छ आणि कोरडं तूस तेव्हा मिळतं, आणि आमच्या हवेत पिल्लं काढायलाही तोच काळ बरा.